मुखवटा नेमका कोणापासून?

मागच्या अंकात या सदरात मुखवटेवाल्या व्हिलनबद्दल सहज एक ओळ लिहिली होती, की थिअरी बरोबर निघण्यापेक्षा ती कुठे घसरली हे शोधण्यात जास्त मजा आहे, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी दुसऱ्या विषयाला जागाच उरली नाही. आधीच सांगून ठेवते, खाली नारुतो, कोरा, मिरॅक्युलस, टीन टायटन्स, स्कूबी-डू या कार्टून-ॲनिमे सिरीज आणि बॅटमॅनचा एक ॲनिमेटेड सिनेमा, सगळ्यांचे स्पॉयलर आहेत आणि नावं घेऊन आहेत. ज्याचं बघायचं राहिलंय त्याने तो प्रश्न सोडून पुढे जावं, नंतर मला बोल लावू नये.

प्रश्न : ताई, सध्या आम्ही मित्र मिळून एक सिरीज बघतोय, त्यातल्या व्हिलनने पहिल्या एपिसोडपासून मुखवटा काढलेला नाही. एक म्हणतो तो हिरोचा बाप आहे, दुसरा म्हणतो मेलेला गुरू, तिसरा म्हणतो हिरोच भविष्यातून परत आलाय. यातली कुठली थिअरी धरायची हे ठरवायचं कसं?
(रात्री दोनचा प्रेक्षक)

बाप, मेलेला गुरू आणि भविष्यातला हिरो, म्हणजे नेहमीचे तिघेही हजर आहेत तर!

मी काय करते सांगू का, "मुखवट्यामागे कोण" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवते आणि आधी विचारते की हा माणूस तोंड लपवतोय कोणापासून. कारण गोष्टीत त्याला ओळखणारं कोणीच नसेल तर त्याने उघड्या तोंडाने फिरलं तरी काय बिघडतंय? मुखवटा आहे म्हणजे गोष्टीत कुठेतरी एक जण असा असणार की ज्याने तो चेहरा बघितला तर त्याचे हातपाय गळतील, आणि तो एक जण सापडला की तुमची अर्धी थिअरी झाली, कारण मग फक्त त्याच्या ओळखीची माणसं मोजायची राहतात. आता तुमचे तिघे यावर घासून बघा. बाप असेल तर हिरोने बापाचा चेहरा कधी बघितलाय का? नसेलच बघितला, लहानपणीच सोडून गेलेला असेल, तर मुखवटा हिरोपासून नाही, तो आईपासून किंवा बापाच्या जुन्या मित्रापासून आहे, आणि मग त्या आईचा आणि व्हिलनचा एकही सीन समोरासमोर होऊ दिलेला नाहीये का हे शोधायचं. लेखक लोक दोन पात्रांना मुद्दाम एका खोलीत येऊ देत नाहीत ना, तो सगळ्यात मोठा क्लू असतो, आणि आपण बसतो बॅकग्राउंडमधलं पोस्टर झूम करत.

दुसरं म्हणजे, काय दिसलं तर तुमची थिअरी मोडेल हे आधीच लिहून ठेवा. हे कोणी करत नाही. "तो मेलेला गुरू आहे" म्हणणाऱ्याला विचारा, की उद्या गुरूचा मृतदेह दाखवला तर सोडशील का थिअरी? तो म्हणणार, नाही, तो क्लोन असेल. मग वाद घालण्यात काही अर्थ नाही, त्याला गुरू हवाच आहे.

प्रश्न : नारुतोमधला टोबी म्हणजे ओबितो हे मला मुखवटा फुटेपर्यंत खरंच कळलं नव्हतं. माझा भाऊ म्हणतो की हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. एवढं उघड होतं का ताई, की मीच बावळट?
(काकाशीची फॅन)

बावळट वगैरे काही नाही गं, आणि भाऊ थोडा फेकतोय. पण पूर्ण फेकत नाहीये.

बाकीच्यांसाठी, टोबी हा मुखवटेवाला व्हिलन आणि ओबितो हा काकाशीचा लहानपणी मेलेला समजला गेलेला जोडीदार, आणि काकाशी म्हणजे नारुतोचा गुरू. आता नावच बघ. जपानीत ओबितो लिहायला तीन अक्षरं, ओ, बि, तो. पहिलं ओ काढून टाक, उरलेली दोन उलटी लाव, झालं की टोबी. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मग मुखवटा, केशरी रंगाचा, गोल गोल रेषांचा आणि त्याला भोक एकच, तेही उजव्या डोळ्यापाशी. आणि ओबितोने मरताना, म्हणजे आपल्याला तो मेला असं वाटत असताना, काकाशीला दिलेला डोळा कुठला? डावा. म्हणजे याच्याकडे उरला उजवा. मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, वाचणाऱ्यांना ही ओबितोची गोष्ट दुसरा भाग सुरू व्हायच्या तोंडावरच मिळाली होती आणि टोबी आला त्यानंतर, त्यामुळे त्यांना डोळ्याचं गणित लगेच दिसलं. ॲनिमेमध्ये मात्र तीच गोष्ट शिपुडेनच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, ११९ आणि १२० व्या एपिसोडला आली, तोपर्यंत टोबी कधीचा येऊन बागडून गेलेला. म्हणजे तू ॲनिमे बघणारी आणि भाऊ मांगा वाचणारा असेल तर तुम्हा दोघांना क्लू उलट्या क्रमाने मिळालेत, यात हुशारीचा प्रश्नच नाही.

आणि विरोधातले मुद्देही काही लेचेपेचे नव्हते बरं का. एक तर टोबीने स्वतःच सांगितलं की मी मदारा उचिहा, म्हणजे कधीचाच मेलेला एक जुना योद्धा, आणि व्हिलनने स्वतःचं नाव सांगितल्यावर अर्धे लोक विश्वास ठेवतातच. दुसरं, नारुतो जन्मला त्या रात्री गावावर चालून आलेला मुखवटेवाला चांगला उंचापुरा बाप्या दिसतो, आणि ओबितो तेव्हा जेमतेम चौदाचा पोरगा. पुढे कळतं की त्याचं चिरडलेलं अर्धं अंग कृत्रिम पेशींनी भरून काढलेलं, पण उंचीचा हिशोब मला आजही पूर्ण पटलेला नाही, राग मानू नका. त्यात युद्धात खरा मदारा मेलेल्यातून उठवून उभा केला तेव्हा "टोबी म्हणजे मदारा" हे कोसळलं आणि नवीन नावांचा पूर आला. मी स्वतः तेव्हा इझुनावाल्या गटात होते, मदाराचा भाऊ इझुना, ठामपणे, पैज लावून. हरले.

मला का हरायला नको होतं ते सांगते. मी वरचा प्रश्न विचारलाच नाही, की मुखवटा कोणापासून. इझुनाचा चेहरा बघून त्या मैदानात कोण हादरलं असतं? कोणीच नाही, नारुतोला इझुना कोण हेही माहीत नसतं. ओबितोचा चेहरा नारुतोलाही ओळखीचा नव्हता, पण समोर काकाशी उभा होता आणि माईट गाय नावाचा निन्जा उभा होता, दोघे ओबितोच्या बरोबरीचे. तो मुखवटा इतकी वर्षं मुख्यतः एका माणसासाठी होता. आणि तो फुटला कसा तेही बघ, टोबीच्या अंगातून वार आरपार जायचे कारण अंगाचा तेवढा भाग तो दुसऱ्या एका जागेत सरकवायचा, आणि काकाशीच्या लक्षात आलं की आपण ओबितोने दिलेल्या डोळ्याने, कामुई नावाची शक्ती वापरून, वस्तू गायब करतो त्यांची आणि याची जागा एकच आहे. मग त्याने नारुतोचा क्लोन तिथे पाठवला आणि नारुतोचा रासेंगान हा वार बसला थेट मुखवट्यावर. म्हणजे एकाच जोडीचे दोन डोळे असल्याचा पुरावा आणि मुखवटा फुटणं हे एकाच क्षणात. मांगामध्ये हे २०१२ मध्ये आलं. तेव्हा "मला माहीतच होतं" म्हणणारे आणि "शक्यच नाही" म्हणणारे दोघेही ते पान परत परत बघत होते, त्यामुळे भावाला म्हणावं, माहीत होतं म्हणजे नक्की कधीपासून, आणि कुठे लिहून ठेवलं होतंस ते दाखव.

प्रश्न : नमस्कार. माझी आठ वर्षांची मुलगी स्कूबी-डू बघताना पाचव्या मिनिटाला सांगते की भूत म्हणजे अमुक माणूस, आणि दर वेळी बरोबर. मला मात्र शेवटपर्यंत जमत नाही. ती हे कसं करते?
(हरलेला बाबा)

ती माणसं मोजते हो. १९६९ च्या पहिल्याच एपिसोडमध्ये काळा शूरवीर म्हणून चिलखत फिरतं, म्युझियममध्ये घडणारी गोष्ट, आणि चिलखतात निघतो तिथलाच क्युरेटर, खऱ्या चित्रांच्या जागी नकली लावून विकणारा. आता त्या भागात ही चौकडी आणि कुत्रा सोडून बोलणारी माणसं उरतात किती? वीसेक मिनिटांच्या कार्टूनमध्ये एखाद्या माणसाला चेहरा, आवाज, नाव दिलंय आणि त्याला काही कामच नाही, तर त्याचं काम शेवटी येणार. मोठी माणसं हेतू शोधत बसतात, जमीन कोणाची, वारसा कोणाचा. पोरांना तसलं काही पडलेलं नसतं.

याच सिरीजवाल्यांनी १९८८ मध्ये ही टोळी लहान असतानाची एक सिरीज काढली, त्यात टोळीतला फ्रेड दर एपिसोडला एकाच मुलावर आळ घेतो आणि त्या मुलाचं नाव चक्क रेड हेरिंग, म्हणजे दिशाभूल करणारा खोटा क्लू. तो बिचारा नेहमी निर्दोष. मग एकदा फ्रेड पैज लावतो की आज मी त्याचं नाव घेणार नाही, आणि नेमका त्याच वेळी चोर तोच! हा एपिसोड तुमच्या लेकीला दाखवा, आणि पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा बघा.

प्रश्न : मी आवाजावरून ओळखते. मिरॅक्युलसमध्ये हॉक मॉथ म्हणजे एड्रियनचे बाबा हे मला पहिल्या सीझनलाच आवाजावरून कळलं होतं. ही पद्धत कितपत भरवशाची?
(कान देऊन बघणारी)

तुमचं बरोबरच निघालं, इंग्रजीत गॅब्रिएल, म्हणजे एड्रियनचे बाबा, आणि लोकांना राक्षस बनवणारा व्हिलन हॉक मॉथ, दोघांचा आवाज एकाच कलाकाराचा आहे, कीथ सिल्वरस्टीन. पण या एका विजयावर फार उडू नका. पहिली अडचण डबिंगची, डबमध्ये एकच माणूस दुकानदार, पोलीस आणि व्हिलन तिन्ही करत असतो, तर डब ऐकून बांधलेली थिअरी म्हणजे बादरायण संबंध. दुसरी अडचण, बनवणाऱ्यांना माहीत असतं की तुम्ही कान लावून बसलाय.

१९९३ चा बॅटमॅनचा मास्क ऑफ द फँटॅझम घ्या. त्यात फँटॅझमचा जाड पुरुषी आवाज स्टेसी कीचने दिलाय, आणि त्याच कीचने नायिकेच्या बापाचा, कार्ल बोमाँटचाही आवाज दिलाय. म्हणजे ज्याचे कान तिखट तो बरोबर खड्ड्यात पडणार, छाती ठोकून सांगणार की बापच आहे. आणि मुखवट्याखालून निघते मुलगी, अँड्रिया! ज्यांनी आवाज नीट ऐकलाच नाही ते उलट सुरक्षित राहिले. मला हे भयंकर आवडतं, म्हणजे नट निवडतानाच शेंडी लावायची सोय केलेली.

टोबीच्या बाबतीतही जपानी ॲनिमेमध्ये असंच काहीतरी आहे. वेडा टोबी असताना आवाज वातारू ताकागीचा, आणि तो मी मदारा म्हणून बोलायला लागला की आवाज नाओया उचिदाचा, आणि पुढे खऱ्या मदाराचाही उचिदाच. म्हणजे आवाजावर जाणाऱ्याला ॲनिमेने सरळ चुकीच्या दारात नेऊन सोडलं. ओबितो उघडा पडल्यावर ताकागी परत आला.

हॉक मॉथबद्दल मात्र एक गोष्ट आवाजापेक्षा भारी आहे. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, २०१७ मध्ये, आपल्याला प्रेक्षकांना तो गॅब्रिएलच आहे हे सरळ दाखवून टाकलं, आणि गोष्टीतली पात्रं मात्र अंधारातच. त्यांना संशय यायला लागला तेव्हा त्याने काय करावं, तर स्वतःच स्वतःला दुसरा राक्षस बनवलं, म्हणजे हॉक मॉथचा बळी, आणि बळी तोच हॉक मॉथ कसा असेल म्हणून संशय गेला. चोरानेच स्वतःच्या घरात चोरी झाली म्हणून बोंब ठोकायची, तसं. त्या दिवसापासून सिरीजमधला मुखवटा आपल्यापासून नाहीच, तो फक्त पोरापासून आहे, आणि त्यामुळेच जेवणाच्या टेबलावरचे बापलेकाचे साधे सीनसुद्धा अंगावर येतात.

प्रश्न : कोराच्या पहिल्या सीझनमध्ये मुखवटेवाला व्हिलन एमॉन कोण हे ओळखायला आम्ही जीव काढला आणि शेवटी नाव निघालं नोआटाक, जे आधी कधी ऐकलंच नव्हतं! ही चीटिंग नाही का?
(अजून चिडलेला)

अर्धी चीटिंग, अर्धी नाही.

नावाच्या बाबतीत तुमचा राग बरोबर आहे. २०१२ चा तो सीझन बारा एपिसोडचा, आणि अकराव्या एपिसोडला टारलॉक नावाचा राजकारणी सांगतो की एमॉन माझा भाऊ, तोपर्यंत भाऊ आहे हेच माहीत नाही तर ओळखणार काय कप्पाळ. पण एमॉन स्वतः बेंडर आहे, म्हणजे पाणी, आग अशी तत्त्वं मनाप्रमाणे हलवणारा, आणि तोही ब्लडबेंडर, म्हणजे रक्त ताब्यात घेऊन माणसालाच हलवणारा, हे ओळखता येत होतं. टारलॉक ब्लडबेंडिंगने सगळ्यांना आडवं पाडतो आणि एमॉन त्यातून चालत पुढे येतो, जरासा अडखळतो बस. त्याच एपिसोडमध्ये फ्लॅशबॅकमध्ये याकोन दाखवलाय, एरवी पौर्णिमेलाच जमणारं ब्लडबेंडिंग पौर्णिमा नसतानाही करणारा, टारलॉकचा बाप. दोन्ही गोष्टी एकाच भागात शेजारी शेजारी ठेवल्यात. मी तेव्हा हे बघितलं आणि मला वाटलं त्याच्यावर कसलीतरी देवाची कृपा असेल, कारण तो स्वतःच तसं सांगत होता. काय करणार.

आणि एमॉनचा मुखवटा हा माझ्या मते सगळ्यात हुशार मुखवटा, कारण तो एकावर एक दोन आहेत. वरचा काढला की खाली भाजलेला चेहरा, लोक हळहळतात आणि प्रश्न विचारायचे थांबतात, कोणाला वाटतच नाही की अजून एक थर असेल. मग तो पाण्यात पडतो आणि जखम धुऊन निघते, रंगच तो. चेहरा त्याने लपवला नव्हताच फारसा, लपवली होती कला, कारण बेंडिंग हेच पाप म्हणून सांगणारा माणूस स्वतः बेंडर निघाला तर मागची सगळी गर्दी पांगणार. पांगलीच. तर पुढच्या वेळी नावं शोधताना हेही विचारा, की हा चेहरा लपवतोय की अजून काही.

प्रश्न : फॅन्सनी आधीच ओळखलं तर लेखकाने शेवट बदलावा का?
(नाव नको)

नाही. १९९१ मध्ये डीसी कॉमिक्सने हे करून बघितलंय, आर्मागेडन २००१ नावाच्या मालिकेत. मोनार्क नावाचा चिलखतातला व्हिलन, तो भविष्यातला कुठलातरी सुपरहिरोच आहे एवढं माहीत, आणि ठरलेलं उत्तर होतं कॅप्टन ॲटम. ते आधीच फुटलं, मग ऐनवेळी बदलून हॉक केलं. पण क्लू तर सगळे कॅप्टन ॲटमचे पेरलेले, आणि हॉकला तर आधी एका अंकात मोनार्कशी लढताना दाखवलेलं! म्हणजे ज्यांनी मन लावून वाचलं तेच मूर्ख ठरले. दहा जणांना आधी कळलं तर कळू दे की, बाकीचे लाखभर वाचक क्लू जुळल्यावर खूश होतात.

प्रश्न : टीन टायटन्समधला दुसरा रेड एक्स जेसन टॉड आहे ना? फक्त हो म्हणा ताई, खूप वर्षं थांबलेय.
(एक्सची वाट बघणारी)

हो म्हणायला मलाही आवडलं असतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. पहिल्या सीझनमध्ये रेड एक्स नावाचा मुखवटेवाला चोर निघतो खुद्द टायटन्सचा म्होरक्या रॉबिन, व्हिलन स्लेडच्या जवळ पोचायला त्याने मित्रांनाही न सांगता हे सोंग घेतलेलं. मग तिसऱ्या सीझनमध्ये कोणीतरी तो सूट चोरतो आणि नवा रेड एक्स येतो, पाचव्यातही एकदा येऊन जातो, आणि २००६ मध्ये सिरीज संपली तरी तो कोण हे सांगितलेलं नाही. जेसन टॉड म्हणजे कॉमिक्समधला दुसरा रॉबिन, बॅटमॅनचा साथीदार, ज्याला १९८८ मध्ये वाचकांनी फोनवर मतं देऊन मारलं, मारा म्हणणारे ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१, फक्त ७२ मतांनी गेला बिचारा. २००५ मध्ये तो रेड हूड होऊन परत आला, लाल, मुखवटा, चिडका, चोरटा, त्यामुळे ही थिअरी इतकी गोड वाटते.

पण वेळेचं काय करायचं? सिरीजमधला पहिला रॉबिन अजून रॉबिनच आहे, मोठा होऊन नाईटविंग हे नवीन नाव घेतलेलं नाही, मग दुसऱ्या रॉबिनची जागा रिकामीच कुठे झालीये. फार तर म्हणता येईल की हा रॉबिन व्हायच्या आधीचा जेसन, रस्त्यावरचा भुरटा चोर, पण मग त्याला जेसन म्हणून उपयोग काय, रॉबिनशी त्याची जुनी ओळख नाही, राग नाही, काहीच नाही. मी माझाच प्रश्न लावून बघितला, की मुखवटा काढला तर टायटन्सपैकी कोणाचे हातपाय गळतील? मला एकही जण सापडेना. तो मुखवटा त्याने कोणापासून लपायला घेतलेलाच नाहीये, तो रॉबिनने बनवलेल्या सूटसोबत आला, चोरीच्या मालात. त्याला सूट हवा होता.